काचेवरचे ठिपके

सासूबाईंनी नखाने आणखी एक पांढरा ठिपका उचकटला आणि बोटावरून झटकून टाकला. बागेत स्टूल ठेवून त्या दिवाणखान्याच्या मोठ्या काचेसमोर उभ्या होत्या. चार दिवस बहिणीकडे काय गेल्या, सुनेने जुनी खिडकी काढून तिथे ही भलीमोठी काच बसवून घेतली होती! कारागीर मेले तिच्यावर चिकटवलेले ठिपके न काढताच पसार झालेले दिसत होते. सुनेला विचारावं, तर ती सकाळीच बाहेर पडलेली. सासूबाई एक दिवस आधीच परततील, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं?

संध्याकाळी वाचनालयाची मंडळी यायची होती. नव्या वाचनालयाचा आराखडा सुनेने केला होता. पसंत पडला तर तिचं पहिलं मोठं काम. अशा दिवशी घर गोवर आल्यासारखं दिसून कसं चालेल?

दुपार पेंगुळली होती. ठिपका निघाला की तेवढ्या जागेत आभाळ येऊन बसे. मग एक फांदी आली, मग ढगाचा तुकडा. हळूहळू अख्खी बाग काचेत उतरली आणि काच कुठे आहे तेच कळेना. सासूबाईंना वाटलं, एक पाऊल टाकलं की आपण त्या आतल्या झाडाखाली जाऊन बसू. त्यांनी हात पुढे केला. बोटं गार काचेला टेकली तेव्हा त्यांचं त्यांनाच हसू आलं. म्हातारपणी हे काय खूळ, असं म्हणत त्या आत जाऊन आडव्या झाल्या.

सून आली ती पाहुण्यांना घेऊनच. काच पाहताच तिचा चेहरा खर्रकन उतरला. चाचरत तिने सांगितलं, की पाखरांना काच दिसत नाही, तिच्यातलं आभाळ दिसतं, आणि ती येऊन आदळतात. म्हणून काचेला बाहेरून ठिपके, वाचनालयाच्या काचांनाही तसेच लावायचे. ते डोळ्यांना खुपत नाहीत, हेच आज मंडळींना इथे बसवून दाखवायचं होतं.

चहा घेऊन आलेल्या सासूबाई दारातच थिजल्या.

वाचनालयाच्या अध्यक्षांना काच आहे तशीच आवडली. एवढी नितळ काच उगीच कशाला विद्रूप करायची, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ठिपके कुठे गेले ते सुनेला कळून चुकलं होतं, पण तिने सासूबाईंचं नाव घेतलं नाही.

तेवढ्यात काचेवर धप्प झालं.

सासूबाई धावत बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या ओंजळीत मूठभर पाखरू होतं. अंग अजून ऊन होतं, मान मात्र लुळी पडली होती. सासूबाईंना रडू आवरेना. चहाला कुणी हात लावला नाही.

अध्यक्ष उठून काचेजवळ गेले. मग त्यांनी हळूच सुनेला विचारलं,

"किती अंतरावर लावतात ते ठिपके?"

सुनेच्या आधी सासूबाईच बोलल्या.

"दोन बोटं," त्या म्हणाल्या. "मीच काढले ना."