एका पत्र्याची सुरई

मी आयुष्यभर बस चालवली. त्यामुळे माझा आवाज मोठा आणि धीर कमी. खोटं वाटत असेल तर आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा. बायको माझ्या अगदी उलट. दागिन्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तिनं वीसेक वर्षं लोकांच्या तुटलेल्या साखळ्या, सुटलेल्या कड्या, मोडके चमचे झाळून दिले. झाळणं म्हणजे धातूचे दोन तुकडे ज्योतीखाली धरून धातूनंच जोडायचे. तिनं दिलेला सांधा भिंग लावूनही सापडायचा नाही. मालक गिऱ्हाइकाला छाती फुगवून म्हणायचा, "कुठं तुटलं होतं ते दाखवा, पैसे परत घ्या." कुणाला कधी दाखवता आलं नाही.

अशी ही बाई पन्नाशी उलटल्यावर एकदा जेवताना म्हणाली, "अहो, मला अनुदान मिळालं."

"कसलं? घराला रंग द्यायला?"

"चांदीकामाला," ती म्हणाली आणि मला भात वाढला.

कलाकारांना मदत करणारी एक संस्था आहे, तिच्याकडे हिनं मला पत्ता न लागू देता अर्ज केला होता. चांदीच्या एका सपाट पत्र्यापासून, कुठंही सांधा न देता, नुसत्या हातोडीनं लांब गळ्याची सुरई घडवायची. पहिल्या सहा महिन्यांचे पैसे आधी मिळणार. मग संस्थेचं माणूस घरी येऊन काम बघणार, पटलं तर पुढचे सहा महिने.

"आणि नाही पटलं तर?"

"तर परत दुकान."

मालकानं तिला सांगूनच ठेवलं होतं, "हौस फिटली की या." त्या 'हौस' शब्दानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. हिच्या हातावर दुकान चालवलं या गृहस्थानं, आणि वर हौस म्हणतो!

मागची खोली रिकामी झाली. म्हणजे माझा पलंग बाहेर आला. तिथं एक लाकडाचा ठोकळा, त्यात रोवलेला लोखंडी खुंटा, भिंतीला टांगलेल्या हातोड्या, गॅसची ज्योत आणि पाण्याची बादली असा संसार मांडला गेला. एका म्हाताऱ्या उस्तादाकडे जाऊन ती काही आठवडे शिकून आली, आणि सुरू झालं ठक, ठक, ठक. वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. "काय हो, भिंत पाडताय का?"

"पाडत नाही, उभी करतोय," मी म्हणालो. काय बोललो ते माझं मलाच कळलं नव्हतं.

एका दुपारी डोळा लागेना म्हणून मी तणतणत आत गेलो. दोन खडे बोल सुनावणार होतो. ती खुंट्यावर पत्रा धरून बसली होती. थाळीएवढा गोल, सपाट पत्रा मी आठवड्यापूर्वी बघितला होता. आता त्याला कड आली होती, आणि ती कड माझ्या डोळ्यांदेखत वर चढत होती. बुडापासून सुरू करून गोल गोल, एकाशेजारी एक असे घाव घालत ती वर जायची. दर घावाला चांदी केसभर सरकायची. फेरी पूर्ण झाली की चांदी अंग आकसून कडक व्हायची. मग पडदा ओढून खोलीत अंधार करायचा, कारण उजेडात चांदीचा रंग कळत नाही. ज्योत लावायची, मंद लाली दिसली रे दिसली की ज्योत बाजूला. फस्स करून पाण्यात. चांदी पुन्हा मऊ.

"ही वर येते कुठून?" मी विचारलं. "तू वरून काही लावत तर नाहीस."

"आहे तीच सरकते. जिथं जास्त आहे तिथून जिथं हवी आहे तिथं न्यायची."

"आणि ती ऐकते?"

"तापवलं तर ऐकते. दमात घेतलं तर फाटते."

मी खाली स्टूल ओढलं आणि बसलो. झोप बोंबलली. त्यानंतर माझ्या दुपारी तिथंच गेल्या.

महिने सरत गेले तशी पोट फुगलेली, खांद्याशी आत वळलेली सुरई उभी राहिली. गळा राहिला होता. गळ्याचं काम सगळ्यांत अवघड, कारण तिथं चांदी पसरत नाही, आत कोंबावी लागते. त्या दिवशी काम छान चाललं होतं. फेरी संपली. ती ज्योतीकडे वळली, थांबली, आणि म्हणाली, "मऊच वाटतेय. एवढी एक फेरी होऊन जाऊ दे."

त्या फेरीच्या मध्यावर हातोडीचा आवाज फुटका आला. गळ्यावर नखाएवढी चीर पडली होती.

मला राहवेना. "अगं, झाळून टाक की! तुझा सांधा कुणाच्या बापाला दिसणार आहे?"

"नाहीच दिसणार."

"मग?"

"मग काही नाही."

"बरं, गळा कापून टाक. सुंदर वाटी होईल."

"वाटीसाठी नव्हते हो मागितले पैसे." तिनं हातोडी खुंट्याशेजारी ठेवली. "इतकी वर्षं लोकांच्या मोडक्या वस्तू जोडल्या. बेमालूम जोडल्या. मला एक अख्खी करायचीय. एकच."

दुसरा पत्रा घ्यायला पैसे नव्हते. ती उठली. कात्रीनं तिनं सुरईचे तुकडे केले. अहो, मी किंचाळलो! खरंच किंचाळलो, वरच्या काकूंना वाटलं माझं काही बरंवाईट झालं. तिनं तुकडे मुशीत भरले, ज्योत मोठी केली. माझ्या डोळ्यांसमोर ते पोट, तो खांदा, महिनोन्‌महिन्यांचे घाव, सगळं खचलं, गोळा झालं आणि पाऱ्यासारखं थरथरायला लागलं. मी रडलो. माझी आई गेली तेव्हा इतका रडलो नव्हतो. ती नाही रडली. तिनं चांदी साच्यात ओतली, आणि दुसऱ्या दिवशी ती लगड घेऊन मालकाच्या दुकानातल्या रोलमधून लाटून आणली. मालक म्हणाला म्हणे, "सोडा आता, कशाला जिवाचे हाल?" ही म्हणाली, "अजून थोडा पातळ करा." घरी येऊन तिनं त्याच लाटलेल्या पत्र्यातून थाळीएवढं गोल कापून घेतलं.

पुन्हा बुडापासून. या वेळी तिचा हात असा चालला की मी तोंडात बोट घातलं. घाव तेच, खुंटा तोच, पण पहिल्या खेपेला ती चांदीला विचारून विचारून मारत होती. आता दोघींचं ठरलेलं दिसत होतं. तरी वेळ पुरला नाही. संस्थेच्या परीक्षक बाई आल्या त्या दिवशी सुरई पुन्हा त्याच जागी येऊन ठेपली होती. गळा उघडा. बशी बसेल एवढा.

परीक्षक बाई पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. बोटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या. त्यांनी सुरई हातात घेतली, फिरवली. "काम चांगलंय. पण आतापर्यंत पूर्ण व्हायला हवं होतं. सहा महिने झाले."

बायको म्हणाली, "हो."

नुसतं 'हो'! मी डोळ्यांनी खुणावतोय, सांग, सांग. ही ढिम्म. मग माझा तोल सुटला. "अहो, होत आली होती! गळ्याशी आली होती. चीर पडली एवढीशी. ही झाळू शकत होती, तुम्हाला सात जन्मांत कळलं नसतं. हिनं वितळवली!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मग ती कुठंय?"

"तुमच्या हातात," मी म्हणालो. "हीच ती."

बाईंनी सुरई अगदी हळू ठोकळ्यावर ठेवली, जशी ती अचानक जड झाली असावी. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "मला अजून एका ठिकाणी जायचंय. पण तुम्ही गळा कसा मिटवता ते दाखवा. मी थांबते."

बायको बसली. एक फेरी झाली. गळा आत आला. पुढची फेरी घातली की मान दिसायला लागणार होती, आणि बाई दाराशी उभ्या, पर्स खांद्याला. बायकोनं हातोडी खाली ठेवली.

"आधी तापवावी लागेल," ती म्हणाली. "वेळ जाईल."

मला वाटलं, गेलं सगळं. बाईंनी पर्स खांद्यावरून उतरवली, माझं स्टूल ओढलं आणि बसल्या. "पडदा मी ओढते," म्हणाल्या.

अंधारात चांदी लाल झाली. दोघी बायका त्या लालीकडे बघत होत्या आणि दोघी एकाच क्षणी म्हणाल्या, "बास." पाण्यात फस्स. पडदा उघडला. मग ती फेरी. मी कान देऊन ऐकत होतो. प्रत्येक घाव आधीच्या घावासारखाच भरीव वाजत होता. जिथं चीर पडली होती ती उंची आली. हातोडी तिथून तशीच पुढे गेली. परत ताव, परत फेरी, आणि परत. उन्हं कलली. बाई हलल्या नाहीत. गळा मिटत मिटत दोन बोटं जातील एवढा उरला, आणि तो सरळ वर उभा राहिला, जसं काही चांदीला पहिल्यापासून तिथंच जायचं होतं.

बाईंनी आत बोट घालून फिरवलं. मग बाहेरून. "पुढचे सहा महिने तुमचे," त्या म्हणाल्या. पर्स उचलून त्या पायऱ्या उतरल्या.

मी दारातून परत आलो. इतकी वर्षं जिच्या हातचं जेवलो, तिच्या हातांकडे मी पहिल्यांदाच बघत होतो. काळे पडलेले, सुजलेले, साधे हात. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, देवाशपथ.

"घ्या," ती म्हणाली आणि सुरई माझ्यापुढे धरली.

"नको गं. माझे हात स्टिअरिंगचे. पडली तर?"

"पडली तर वितळवीन," ती म्हणाली आणि हसली.

ती खरंच वितळवेल. मला तेवढं पुरतं कळलं होतं. मी दोन्ही हात पुढे केले.