दहा मोजेपर्यंत

सुनेला नावं ठेवावीत असं सासूबाईंना फारसं काही सापडत नव्हतं, आणि न सापडणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नव्हतं. एक खोड मात्र होती. सूनबाई प्रश्न विचारायची आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळी व्हायची. "आई, चहा घेणार? ठेवतेच." "आई, गुडघा दुखतोय? दुखतच असणार." सात वर्षांत सासूबाईंना स्वतःच्या गुडघ्याबद्दल एक शब्द बोलायला मिळाला नव्हता.

सूनबाई शाळेत आठवीला विज्ञान शिकवायची. रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात एक कागद पुढ्यात घेऊन सुतकी चेहऱ्याने बसली होती. समोर सासूबाई मटार सोलत होत्या.

"काय आहे त्यात?"

"वर्षभरात शिक्षक म्हणून काय प्रगती केली आणि पुढच्या वर्षाचं ध्येय काय, ते लिहायचंय. ध्येय मुख्याध्यापिका बाईंनी दोनदा परत पाठवलं."

"काय लिहिलं होतंस?"

"'विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास.' बाईंनी खाली लाल शाईने लिहिलं, म्हणजे नक्की काय? उद्या तिसऱ्यांदा परत आलं तर माझी आठवी जाणार. ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालत बसायचं."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा मुलगा ओरडला, "अगं, लिही काहीतरी! कोण वाचतंय?"

"मग लाल शाई काय उंदरांनी सांडली?" सासूबाई म्हणाल्या. मग त्या सूनबाईकडे वळल्या.

"ऊठ, मला शिकव. बघू घोडं कुठे पेंड खातंय ते."

सासूबाईंची शाळा दुसरीत सुटली होती, त्यामुळे आठवीत बसायची ही पहिलीच वेळ. त्यांनी पाठ ताठ केली. सूनबाई उभी राहिली, तसा तिचा आवाज चढला आणि हात हलू लागले.

"साध्या पाण्यात अंडं बुडतं. मग मिठाच्या पाण्यात का तरंगतं?"

हे तर सासूबाईंच्या हातचं होतं. भाज्या मुरवायचं मिठाचं पाणी त्या चाळीस वर्षं अंडं टाकूनच जोखत होत्या. अंडं वर आलं की मीठ पुरे. त्यांनी तोंड उघडलं.

"कारण पाण्याची घनता वाढते!" सूनबाई म्हणाली.

त्यांनी तोंड मिटलं.

"आता त्यातच साधं पाणी ओतत गेलो, तर?"

पुन्हा उघडलं.

"अंडं परत बुडेल!"

तिसऱ्या प्रश्नाला सासूबाईंनी टोपलीवर हात आपटला. मटार ओट्यापर्यंत गेले.

"मला येत होतं!"

सूनबाई दचकली. "पण आई, तास पस्तीस मिनिटांचा. पोरं गप्पच बसतात, मग मीच सांगते."

"ती बसत नाहीत, तू बसवतेस. दुसरीत मास्तरांनी मला उभं करून प्रश्न विचारला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, 'हिला नाही येत, बस खाली.' बसले ती घरीच."

हे त्यांनी मटार किडके निघाल्याच्या सुरात सांगितलं आणि पुढची शेंग घेतली.

सूनबाई खाली बसली. कागद तिने बाजूला सारला. मग हळूच म्हणाली, "आई, खरं सांगा. मला शिकवता येतं का?"

उत्तर तिच्या ओठांवर आलंच होतं. सासूबाईंनी बोट वर केलं, तसं ते तिने गिळलं. सासूबाईंनी सावकाश शेंग फोडली, दाणे मोजले, त्यातला एक खाल्ला. मुलगा दारात येऊन काहीतरी बोलणार होता. सूनबाईने मान न वळवता त्याला हातानेच थांबवलं. पार दहा मोजून झाले.

"येतं," सासूबाई म्हणाल्या. "अंड्याचं चोख सांगितलंस. पण एकदा प्रश्न विचारलास की दहा मोजेपर्यंत तोंडाला कुलूप. हेच ध्येय लिही, म्हणजे बाईंना 'नक्की काय' विचारायची सोय राहणार नाही. नाहीच जमलं, तर ग्रंथालय बरं. पुस्तकांची उत्तरं खुशाल तूच दे. आणि गुडघा माझा ठणठणीत आहे. दुखतो तो खांदा."