सहा फुटी अंतरपाट

या मंडळी, जवळ या. सतरंजी मोठी आहे, कडेला कशाला बसता? आजची कथा देवादिकांची नाही, एका गवंड्याची आहे. पण देव यात कुठे बसला होता, ते ऐकून झाल्यावर तुमचं तुम्हालाच कळेल. हसू आलं तर खुशाल हसा. कीर्तनात हसलेलं देवाला चालतं, घोरलेलं तेवढं चालत नाही.

तर शहापूर तालुक्यात, शेणव्याला, कोंडू गवंडी राहतो. हात असा की त्याने लावलेल्या विटेला ओळंबाच नमस्कार करावा. शनिवार-रविवारी हवा खायला येणाऱ्यांचे बंगले त्याने शेणव्यापासून थेट मुरबाडपर्यंत बांधले, आणि स्वतःच्या घराला मात्र कारवीचा कुड. त्याची बायको गिरजा त्याच्याच हाताखाली बिगारी करायची. घमेलं डोक्यावर घेऊन उभी राहिली की म्हणायची, "लोकांच्या कुत्र्याला पक्की भिंत, न आमची कोंबडी कुडातून बाहेर बघते."

अशात मुरबाडच्या मनोजने खबर आणली. मनोज म्हणजे माणसं परदेशी धाडणारा एजंट. उत्तरेकडच्या एका थंड देशाला गवंडी पाहिजेत, दोन वर्षांचा करार, राहणं-खाणं त्यांचं. देशाचं नाव कोंडूला काही केल्या उच्चारता येईना, म्हणून तो नुसतं 'तिकडं' म्हणायचा. वयाची अट पंचेचाळीस, आणि कोंडूला पंचेचाळीस पुरी व्हायला उरला होता दीड महिना. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. तिकडं दोन वर्षं काढायची, परत येऊन आपल्या घराच्या चार भिंती उभ्या करायच्या, एवढा एकच ध्यास त्याने धरला.

परीक्षा सोमवारी होती, मुरबाडच्या एका मंगल कार्यालयात. हॉलच्या फरशीवर प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर खडूने चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनात एक गवंडी. कोंडूच्या वाट्याला आला तो बरोब्बर मधला चौकोन, एरवी नवरानवरी उभी राहतात तो. परीक्षा घ्यायला तिकडचे साहेब आले होते. उंच, शांत, हातात फॉर्मचा गठ्ठा. त्यांचं बोलणं मनोज मराठीत सांगायचा.

"सहा फूट लांब, सहा फूट उंच, नऊ इंची भिंत. सहा तास. बांधून झाली की साहेब तपासतील. मग ज्याने त्याने आपापली भिंत पाडायची, विटा साफ करायच्या, जागा होती तशी करायची. तेव्हाच निकाल."

'पाडायची' हा शब्द कोंडूने ऐकला, पण तो त्याच्या कानात शिरला नाही. त्याचं चित्त होतं पूजेत. पूजा केल्याशिवाय कोंडूने आजवर साधी मोरीसुद्धा बांधली नव्हती. त्याने पिशवीतून हळद-कुंकू, सुपारी, नारळ काढला आणि सोबत आलेली गिरजा पाणी आणायला गेली होती म्हणून नारळ साहेबांच्या हातात धरायला दिला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी धरला, फिरवून बघितला आणि फॉर्मवर 'सामान' या रकान्यात लिहून टाकला. नारळ, एक.

मग कोंडूने मालात थापी घातली, आणि त्याचा चेहराच उतरला. नुसती वाळू आणि चुना! सिमेंटाचा कण नाही. आता परीक्षेचा माल असाच असतो, भिंत लगेच उतरवता यावी म्हणून. बाकीच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. पण कोंडूने आयुष्यात असला माल पाहिला होता तो फक्त लबाड ठेकेदाराच्या कामावर.

"गिरजे," ती पाणी घेऊन येताच तो हळूच म्हणाला, "बिचाऱ्या साहेबाला कोणीतरी फसवलंय गो. हा माल हाय का थालीपिठाचं पीठ? जा, समोरच्या दुकानातनं सिमेंटाची गोणी आण."

"आपल्या पदरचं?"

"मग काय कच्ची भिंत बांधू? तीपण पाहुण्याची?"

गिरजा गोणी डोक्यावर घेऊन मधल्या दारातून आत आली. कोणी हटकलं नाही. सगळ्यांना वाटलं, बाई नवऱ्याला डबा घेऊन आली.

भिंत उभी राहिली ती सहा तासांत नव्हे, पाच तास दहा मिनिटांत. साहेबांनी पाणसळ लावली, दोरी लावली, गुण्या लावला, डोळा लावला. कुठे केसाचा फरक नाही. उरलेल्या पन्नास मिनिटांत कोंडू भिंतीवर पाणी मारत बसला. बाकीचे गवंडी आपापल्या भिंती लाथेने पाडून, विटा रचून बिडी ओढायला निघून गेले.

"कोंडू, पाड आता," मनोज म्हणाला.

"काय?"

"भिंत पाड. शेवटचा रकाना हाय, जागा पूर्ववत."

कोंडूने थापी खाली ठेवली. "आपल्या हातानं उभं केलेलं आपल्या हातानं पाडायचं नसतं, मनोजभाऊ. माझ्या बापानं नाय पाडलं, आज्यानं नाय पाडलं. दुसऱ्या कोणाला सांगा."

मनोजने साहेबांना विचारलं. साहेब नम्रपणे म्हणाले, दुसऱ्याने पाडली तर हा माणूस नापास. याने पाडली नाही तर निकालच नाही. निकाल नाही तर फॉर्म अपुरा. आणि अपुरा फॉर्म घेऊन आपण इथून हलू शकत नाही.

असं म्हणून ते भिंतीजवळ खुर्ची घेऊन बसले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. पाडायची तर बापआज्याचा नेम आडवा आणि सोडून जायचं तर तिकडची आशा, अशा कात्रीत सापडलेला कोंडू भिंतीच्या एका बाजूला बसून राहिला. दुसऱ्या बाजूला साहेब. गिरजा दोघांना वालाचं बिरडं आणि भाकरी आणून द्यायची. साहेबांना ते इतकं आवडलं की बुधवारी त्यांनी स्वतःहून ताट पुढे केलं. आणि रिकाम्या हातांना चैन पडेना म्हणून कोंडू दिवसातून चार वेळा भिंतीवर पाणी मारत राहिला. व्हायचं तेच झालं. भिंत पिकून दगडासारखी झाली. हॉलच्या मालकाने बोटाच्या पेराने ठोकून पाहिली, तर पेर दुखलं.

"अरे, गुरुवारी लग्न हाय इथं!" मालक मनोजवर ओरडला. "नवरानवरी काय भिंतीवर बसवू?"

मनोजने हात जोडले. "मला काय विचारता, मालक? एकाला धर्म आडवा येतो, दुसऱ्याला फॉर्म. मी मधे भाषांतर करतो न दोघांच्या शिव्या मीच खातो."

गुरुवारी सकाळी वऱ्हाड आलं. वधू भाविका, सापगावच्या जयरामबुवांची लेक. जयरामबुवा म्हणजे पंचक्रोशीतले कीर्तनकार. त्यांच्या पूर्वरंगाला म्हातारे रडतात आणि उत्तररंगाला पोरं हसतात. नवरदेव हर्षित, मुरबाडच्या भांडीवाल्यांचा. बुवा आत आले, भिंतीकडे बघितलं, खुर्चीतल्या साहेबांकडे बघितलं, पाणी मारणाऱ्या कोंडूकडे बघितलं.

"ही डेकोरेशनवाल्याची का?" त्यांनी विचारलं.

मनोजने सगळी रामकहाणी सांगितली. वरमाय म्हणाली, "घण आणा, पाडा." साहेब म्हणाले, मग नापास. कोंडूने नुसती मान खाली घातली. मुहूर्त होता बारा पस्तीसचा.

बुवा भिंतीपाशी गेले. तिच्यावर तळहात ठेवून उभे राहिले, जसं कीर्तनाआधी मृदंगावर ठेवतात तसा.

"कोंडू, तुझा नेम खरा," ते म्हणाले. "बांधणाऱ्यानं पाडू नये. पण मला सांग, इथं वरती छप्पर येणार होतं?"

"नाय बुवा."

"आत चूल पेटणार होती? कोण राहायला येणार होतं?"

"कोण नाय."

"मग ही भिंत कशी? या जागेवर दोन जिवांच्या मधे आडवं धरतात, त्याला काय म्हणतात रे?"

कोंडूने मान वर केली. "अंतरपाट."

"लोक कापडाचा धरतात, तू विटांचा धरलास. तीन दिवस धरून बसलास, बाबा, हात दुखले असतील. अन् अंतरपाट कोणी पाडतं का? ज्यानं धरला, त्यानंच तो वेळ झाली की दूर करायचा असतो. नाय केला तर माझी पोर जन्मभर इकडं न जावई तिकडं."

कोंडूने भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "गिरजे, छिन्नी दे."

भाविका एका बाजूला, हर्षित दुसऱ्या बाजूला. मधे स्टुलावर कोंडू, गवंड्याच्या कपड्यांत, आणि त्याच्या कपाळाला बुवांनी लावलेलं गंध. भटजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं, 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, आणि पहिला थर निघाला. भाविकाला हर्षितच्या फेट्याचा तुरा दिसला.

पण माल पक्का! एकेक वीट सुटायला मिनिट-मिनिट लागे. कोंडू प्रत्येक थराला हात लावून नमस्कार करी, छिन्नी अशी अलगद चालवी की वीट अख्खी यावी आणि खडा नवरानवरीच्या अंगावर उडू नये. दुसऱ्या थराला फेट्याची कड दिसली, तिसऱ्याला कपाळ. भटजींची मंगलाष्टकं चौथ्या थरालाच संपली. मग मामांनी घरी जुळवलेलं एक म्हटलं. मावशीने बारशाचा पाळणा म्हटला, कारण तिला तेवढाच पाठ होता. दर 'सावधान'ला अक्षता पडत होत्या. त्या संपल्या तशी आचाऱ्याने भाताचे तांदूळ हळद लावून पाठवले, आणि जेवायला भात कमी पडणार हे सगळ्यांना कळून चुकलं. शेवटी बुवांनी चिपळ्या हातात घेतल्या आणि उभ्याउभ्या कीर्तनच लावलं. साहेब खुर्चीवरून उठले आणि टाळ्या वाजवू लागले. ताल चुकत होता, भाव चुकत नव्हता.

पाचव्या थराला भुवया आल्या आणि सहाव्याला डोळे.

"दिसला गो एकदाचा!" भाविका म्हणाली, आणि हॉल हसला.

"मुख दिसलं, अंतरपाट सरला," भटजींनी घाईघाईने जाहीर केलं. बारा पस्तीस केव्हाच टळले होते, पण मुहूर्त पहिल्या विटेचा धरायचा असं सर्वानुमते ठरलं. भिंतीवरून हार घातले गेले. पण साहेबांचा फॉर्म फरशीपर्यंत होता, त्यामुळे जेवणाच्या पंगती बसल्या तरी कोंडू थर उतरवतच राहिला. कमरेएवढ्या उरलेल्या भिंतीवर पाहुण्यांनी आहेराची भांडी मांडली होती. ती दर थराला उचलावी लागत होती, आणि दर थराला परत मांडली जात होती.

पाच वाजता शेवटची वीट निघाली. एकही फुटलेली नाही. कोंडूने फरशी पुसली. साहेबांनी शेवटच्या रकान्यात खूण केली, बराच वेळ लिहिलं, आणि मनोजने वाचलं.

"कोंडू, गवंडीकामात तू नापास."

गिरजेने हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"मालात सिमेंट घातलंस. नियमात नाय."

"सिमेंट घातलं म्हणून नापास?" कोंडूला आयुष्यात प्रथमच ओरडावंसं वाटलं. "न घालणाऱ्याला काय बक्षीस देतात का तिकडं?"

"ऐक की रे पुढचं. साहेब म्हणतात, बांधणारे पुष्कळ मिळतात. तिकडं दोनशे वर्षांची घरं हायत, एकमेकाला चिकटून. एक भिंत काढायची तर शेजाऱ्याचा चहा हिंदकळता कामा नये. दोन्ही बाजूला हातभर अंतरावर माणसं उभी, अन् खडा उडाला नाय, असं साहेबांनी कधी पाहिलं नाय. भिंत उतरवायच्या कामावर तुला घेतलाय. पगार जास्ती हाय."

ज्याने जन्मात भिंत पाडली नाही, त्याची निवड झाली ती पाडकामावर! कोंडू गिरजेकडे बघत राहिला. गिरजेने डोळे पुसले आणि म्हणाली, "माझ्याकडं काय बघता? विचारा, भिंती कोणाच्या ते."

"मनोजभाऊ, त्या भिंती मी बांधलेल्या नसतील ना?"

"तू? दोनशे वर्षांपूर्वी?"

"मग चालंल," कोंडू म्हणाला.

आता कोंडू तिकडं आहे. त्याच्या पाठोपाठ परीक्षेच्या नव्या फॉर्मवर सामानाच्या यादीत 'नारळ, एक' असं छापून आलं. परवा नारळाशिवाय आलेल्या एका चांगल्या गवंड्याला परत पाठवलं म्हणतात. शेणव्याला गिरजा पाया खणून घेतेय. फोनवर कोंडू थंडीचं बोलत नाही, वेगळंच बोलतो. कुठल्याही भिंतीला छिन्नी लावण्याआधी तो तिकडच्या मुकादमाला विचारतो, ही कोणी बांधली? मुकादम कागद बघतो. घर कोणाचं होतं ते असतं, नकाशा कोणी काढला ते असतं. बांधली कोणी, ते कुठल्याच कागदावर नसतं. तरी कोंडू थांबतो, हात जोडतो, "बाबा, तुझं काम चांगलं हाय, माझा नाइलाज हाय," असं मराठीत सांगतो, आणि मगच पहिली वीट काढतो. आता म्हणे मुकादमही टोपी काढून उभा राहतो.

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं. आज घरी जाल, दाराला कडी घालाल, देवापुढे हात जोडाल. तेव्हा ज्या कोण्या माणसाने तुमचं घर उभं केलं, त्याला क्षणभर आठवा. नाव ठाऊक नसलं तरी आठवा. देवाला पत्ता माहीत असतो.