अर्धी मिस्बाहची, अर्धी हमझाची

मित्रांनो, मला उजेडाकडे धरा, नाहीतर मी दिसायचीच नाही! मी एक जुनी काचपट्टी आहे. तुमच्या कंपासमधल्या मोजपट्टीच्या निम्मी, वजनाला एका बिस्किटाएवढी. पण माझ्या अंगावर दोन जांभळे डाग आहेत ना, त्यांचा मला भारी अभिमान आहे.

माझा जन्म कारखान्यातला. काचेच्या मोठ्या तावातून मला कापलं, कडा घासल्या आणि पन्नास बहिणींबरोबर डबीत भरलं. तिथून आम्ही आलो नेरूळला, मलेरिया तपासणीच्या एका छोट्या केंद्रात. तेव्हा जिकडे बघावं तिकडे नव्या इमारती चढत होत्या आणि उघड्या टाक्यांत डासांची नुसती चंगळ!

काय दिवस होते ते! रोज सकाळी आरोग्यसेविका जयमालाताईंच्या पिशवीत बसून मी घरोघर फिरायचे. ताई तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचायच्या, रक्ताचा थेंब माझ्यावर पसरायच्या आणि दारामागे खडूने तारीख लिहायच्या. मग केंद्रातले हौसेराव मला रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत. काम झालं की साबणाचं पाणी, मलमलीचा फडका, आणि मी पुन्हा कोरी करकरीत. "हिच्यावर एक ओरखडा नाही बघा," हौसेराव म्हणायचे. मी अशी फुगायचे! फक्त एकच वाईट वाटायचं. धुतल्यावर माझ्याजवळ कोणीच राहायचं नाही.

मग आला १९९५चा ऑक्टोबर. एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर मिस्बाह आणि हमझा ही चौदा वर्षांची जुळी भावंडं राहायची. मिस्बाह तापाने झोपली होती. हमझा बुटाच्या नाड्या बांधत होता, पण डोळे लालभडक. त्यांची दादी शमसुन्निसा मोरा गावाहून आली होती.

"पोरीचा रगत घे गो बाय," दादी म्हणाली. "नाजूक हाय ती."

"आणि हा? याचंही अंग तापलंय की," ताई म्हणाल्या.

"त्याला काय होनार? घोडा हाय तो!"

"मी फिट आहे. आज फायनल आहे," हमझा म्हणाला.

मिस्बाह ताडकन उठून बसली. "फिट? सकाळपासून दोनदा ओकलायस! ताई, याचं पण घ्या."

ताईंनी पिशवी चाचपली. आत मी एकटीच उरले होते. "पट्टी एकच आहे गं. त्याचं उद्या घेते."

"उद्या नको ना! आम्ही लहानपणापासून सगळं अर्धं अर्धं करतो. हीपण अर्धी माझी, अर्धी त्याची."

खरं तर नियमात ते बसत नव्हतं. ताई जरा थांबल्या, मग हसल्या. माझ्या दोन टोकांना दोघांचं रक्त पसरलं आणि ते वाळल्यावर त्यातच पेन्सिलीने लिहिलं, इकडे 'मि', तिकडे 'ह'. हमझा बोट चोखत मॅचला पळालासुद्धा.

दुपारी हौसेरावांनी 'मि' तपासलं. बराच वेळ शोधलं. "हा एक... आणि हा दुसरा." मग त्यांनी मला सरकवलं आणि ते खुर्चीतून उठलेच. हमझाच्या रक्तात जिकडे बघावं तिकडे अंगठीसारखे जंतू!

"ताई, तो पोरगा कुठंय? पळा!"

पुढचं मला ताईंकडून कळलं. हमझा मैदानाच्या कडेला पॅड बांधून बसला होता आणि स्वतःचं नावही त्याला धड सांगता येत नव्हतं. तसाच उचलून दवाखान्यात नेला. उद्यावर ढकललं असतं, तर उशीर झाला असता.

आठवड्याने दादी केंद्रात आली. मिस्बाह गोळ्यांवरच बरी झाली होती. हमझाही दवाखान्यातून घरी आला होता आणि बिर्याणी मागत होता!

"एकाच पोटातली, एकाच खोलीत निजतात," दादीने विचारलं. "मंग घोडाच आडवा कसा झाला?"

हौसेरावांनी तिला बसवलं. "दादी, जनुकं म्हणजे आईबापाकडून मिळालेला शरीराचा आराखडा. ही जुळी, तरी दोघांचा आराखडा वेगळा. रोगाशी लढणारी बरीच जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. ती गुणसूत्रं मुलीकडे दोन, मुलाकडे एक. शिवाय या वयात मुलाच्या अंगात ज्या संप्रेरकाने मिशी फुटते, तेच शरीराचा पहारा जरा सैल करतं. उंदरांवरच्या प्रयोगांत तसं दिसलंय."

"म्हंजे मिशी फुटली नि पहारेकरी निजला?"

"निजला नाही, पेंगला!" हौसेराव हसले. "पण माणसांचं इतकं नक्की सांगता येत नाही. हा संध्याकाळी उघड्यावर खेळतो, डासही जास्त चावले असतील. दुसऱ्या घरात मुलगीच जास्त आजारी पडेल. म्हणून रक्त दोघांचं बघायचं."

दादीने मला हातात घेतलं, खिडकीकडे धरलं. मग म्हणाली, "हिला धुवू नको रे, बाबा."

आणि मित्रांनो, मला पुन्हा कधीच कोणी धुतलं नाही! हौसेरावांनी मला लाकडी डबीत घालून तुमच्या शाळेला दिलं. त्याला आता चार वर्षं झाली. प्रयोगशाळेच्या कपाटात माझ्यावर धूळ बसते, जांभळा रंग फिका होत चाललाय. ताईंची पिशवी मला अजून आठवते. कधीतरी डबी उघडा, मला कडेने अलगद धरा. आणि घरात दोघं तापली, तर एकाला 'नाजूक' आणि दुसऱ्याला 'घोडा' म्हणून मोकळे होऊ नका. मी एवढीशी, तरी माझ्यावर दोघांना पुरेल इतकी जागा होती.