किल्टमधली माया

२०११च्या भूकंपानंतरच्या वर्षी प्रसन्नला जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली आणि त्याची बायको सुप्रभा त्याच्याबरोबर पुण्याहून तिकडे गेली. पुण्यात ती एका कॉलेजात ड्रेस डिझायनिंग शिकवायची. इथे जपानी जेमतेम बोलता यायला लागल्यावर तिने स्टेशनजवळच्या बाजारपेठेत, कपडे आल्टर करून देणाऱ्या एका दुकानात आरुबाइतो धरला. अर्धवेळ काम. पँटची उंची कमी करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, झिप बसवायची. मालकीणबाई तिला ‘सुपुराबा-सान’ म्हणायच्या आणि अवघड काही आलं की न बोलता तिच्या मशीनकडे सरकवायच्या.

२०१४च्या जूनमध्ये एका दुपारी एक सत्तरीचे गृहस्थ आणि एक तरुण बाई दुकानात आली. गृहस्थांचं नाव कुदो. शाळेतले निवृत्त संगीतशिक्षक, त्यामुळे ती बाई त्यांना सेन्सेई म्हणत होती. बाई होती हिरानो-सान, व्यवसायाने नर्स. उत्तरेकडच्या एका समुद्रकाठच्या गावात त्यांचा बॅगपाइप वाजवणाऱ्यांचा बँड होता. त्सुनामीत गावाचं सभागृह गेलं, त्यात वाद्यं गेली आणि बँडचे सगळे किल्टही गेले. वाद्यं हळूहळू पुन्हा जमली होती. शरद ऋतूत नवा मासळीबाजार उघडायचा होता आणि गावाने बँडला वाजवायला बोलावलं होतं. प्रश्न कपड्यांचा होता.

दोघांनी काउंटरवर एकेक किल्ट ठेवला. स्कॉटलंडचे सैनिक घालतात तो चौकड्यांचा, मागच्या बाजूला चुण्याच चुण्या असलेला घागरा. कुदो-सेन्सेईंचा खरा होता. एका रेजिमेंटने मोडीत काढलेला, टोकियोतल्या जुन्या लष्करी कपड्यांच्या दुकानातून आणलेला. हिरानो-सानचा नव्याने शिवलेला, हुबेहूब तसा दिसणारा, खूप स्वस्त.

“यातला कुठला आमच्या सगळ्यांना बसेल, ते सांगा,” हिरानो-सान म्हणाली.

“बसवता कुठला येईल, ते सांगा,” सेन्सेई म्हणाले.

सुप्रभाने दोन्ही घरी नेले आणि बैठकीच्या खोलीत ततामीच्या चटईवर पसरले. खऱ्या किल्टला लोकरीचा आणि डांबरगोळ्यांचा जड वास होता. उचलताना दोन्ही हात लागत. तिने कमरेपाशी थोडी शिवण उसवली तेव्हा चुण्यांच्या आत कापडाच्या घड्यांवर घड्या निघाल्या. कडेला जुन्या टाक्यांची भोकं होती. कुणाकुणासाठी तो सैल केला होता, पुन्हा घट्ट केला होता. दुसऱ्या किल्टच्या चुण्या उथळ होत्या, आतलं कापड बेताचं, कडा मशीनने कापून ओव्हरलॉक केलेल्या. पण तो हलका होता, घरी धुता येत होता, आणि दिसायला खरंच छान होता.

प्रसन्न लॅबमधून आला आणि हातपाय धुऊन थेट खरा किल्टच कमरेला गुंडाळून उभा राहिला.

“अगं, हे तर नऊवारीच्या निऱ्यांचंच काम आहे. फक्त मागे खोचलेल्या.”

“काढ तो. अजून टाचलेला नाही, पडेल.”

“मग कुठला सांगणार त्यांना?”

“कापड म्हणून विचारलं तर खरा. पण कापड म्हणून कुणी विचारतच नाहीये, असं वाटतंय मला.”

मापं घ्यायला ती रविवारी बसने त्या गावाला गेली. तालीम तात्पुरत्या घरांच्या वसाहतीतल्या एका पत्र्याच्या खोलीत होती. बँडमध्ये कोळी होते, मासे साफ करणाऱ्या कारखान्यातल्या दोन धट्ट्याकट्ट्या बायका होत्या, पोस्टातला एक कारकून होता. ओनोदेरा-सान नावाचे म्हातारे कोळी मोठा ढोल वाजवायचे. त्यांच्या कंबरेचं ऑपरेशन झालं होतं. सेन्सेईंनी त्यांना खरा किल्ट बांधून बघायला सांगितलं. त्यांनी बांधला, ढोल उचलला, एक चक्कर मारली आणि खुर्चीवर बसले. तक्रार केली नाही. फक्त रुमालाने मान पुसत राहिले.

“सेन्सेई,” हिरानो-सान हळू आवाजात म्हणाली, “खरे किल्ट आणू. पण ते सांभाळणार कोण? आता मित्सुको-सान नाहीत.”

कुणी पाइपच्या नळीच्या भोकांवरून बोटं फिरवू लागलं, कुणी खिडकीबाहेर बघू लागलं. सेन्सेईंनी तालमीचं पान उलटलं आणि म्हणाले, “पुन्हा पहिल्यापासून घेऊ.”

परत जाताना बसस्टॉपवर हिरानो-सानने सुप्रभाला सांगितलं. मित्सुको-सान म्हणजे सेन्सेईंच्या पत्नी. पहिले किल्टही असेच लष्करातले जुने होते, आणि प्रत्येकाच्या अंगाबेताने ते उसवून शिवून दिले होते त्यांनीच. कुणी जाड झालं, कुणी वाळलं, की किल्ट त्यांच्याकडे. त्सुनामीत त्या गेल्या. “मी तसं बोलायला नको होतं,” हिरानो-सान म्हणाली.

दोन दिवसांनी सेन्सेई एकटेच दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं. मालकीणबाईंनी त्यांना सातूचा थंड चहा दिला आणि आत निघून गेल्या.

“तुम्ही काय ठरवलंत?” त्यांनी विचारलं.

“मी कसं ठरवणार, सेन्सेई? मी फक्त कापडाचं सांगू शकते.”

“मग कापडाचं सांगा.”

सुप्रभाने सांगितलं. खरा किल्ट अजून एक पिढी टिकेल, कुणालाही बसवता येईल. पण तो जड आहे, त्याला कसर लागते, त्याच्यामागे कुणीतरी लागावं लागतं. नव्याच्या चुण्या काही वर्षांत मोडतील, कापडाला गोळे येतील. पण ओनोदेरा-सान तो घालून ढोल वाजवू शकतील.

सेन्सेईंनी ग्लास गोल फिरवला. “मित्सुको पावसाळा संपला की अंगणात दोऱ्या बांधायची आणि सगळे किल्ट वाळत घालायची. शेजारी म्हणायचे, कुदोंकडे फौज उतरली वाटतं.” मग ते म्हणाले, “नकली घेतले, तर तिच्या कामाची काही गरजच नव्हती, असं म्हटल्यासारखं होईल.”

सुप्रभाचं जपानी झिप आणि बटणांपुरतं ठीक होतं. तिने आपल्याकडचंच काहीतरी सांगितलं. तिची आई सणावाराला खरी नऊवारी नेसायची. तिला स्वतःला ती नीट नेसता येत नव्हती. टोकियोत एदोगावाला मराठी मंडळींचा गणपती होता, तेव्हा तिने तयार शिवलेली नऊवारी मागवली होती, पायजम्यासारखी पायांत घालून नाडी बांधायची ती. फोनवर आईला दाखवताना तिला चोरट्यासारखं झालं होतं.

“आई रागावल्या?”

“नाही. मला गोल फिरायला लावलं, आणि म्हणाली, चालता येतंय ना? मग झालं.”

“आता त्याही तशीच शिवलेली घालतात?”

“छे. ती नेसतेच. तिला दुसरं चालत नाही.”

सेन्सेईंनी चहा संपवला. मग त्यांनी विचारलं, “एक जण शिकायला बसला, तर खरा किल्ट शिवायला किती अवघड जाईल?”

आपण चुकीचं ऐकलं असं सुप्रभाला वाटलं. “कोण शिकणार?”

“मी. बँडला हलके घेऊ. माझा मी सांभाळीन.”

त्या उन्हाळ्यात दर मंगळवारी दुपारी ते दुकानात येत. पहिल्या दिवशी सुईत दोरा ओवता ओवता त्यांच्या थंड चहातला बर्फ विरघळून गेला. बोटांना सुया टोचल्या तेव्हा मालकीणबाईंनी आपल्या बोटातलं अंगुस्तान काढून दिलं आणि परत मागितलं नाही. सुप्रभा त्यांना आधी कच्चा टाका, मग हातशिलाई शिकवत होती. ते शाळेतल्या मुलासारखे मान खाली घालून बसत, आणि मध्येच म्हणत, “हे तिने सगळ्यांसाठी केलं. घराच्या मागच्या खोलीत बसून. मला वाटायचं, ती टीव्ही बघतेय.”

एकदा कमरेची शिवण उसवताना आतल्या जाड घड्या त्यांच्या हातात मोकळ्या झाल्या. ते थांबून बघत राहिले.

“एवढं कापड आत ठेवलेलं असतं?”

“पुढे सैल करायला लागलं तर.”

“तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?”

“माया.”

“माया,” त्यांनी म्हणून बघितलं. “आमच्याकडे मुलीचं नाव असतं.”

“आमच्याकडेही असतं,” सुप्रभा म्हणाली. शब्दाचा आणखी एक अर्थ होता, पण तो समजावून सांगायच्या भानगडीत ती पडली नाही. तिने त्यांच्या हातात खडू दिला आणि नवी खूण कुठे करायची ते दाखवलं.

बाकीचे, हलके किल्ट ऑगस्टमध्ये तालमीच्या खोलीवर आले. ते खऱ्यापेक्षा जरा जास्त निळे होते. हिरानो-सान काळजीत पडली. सेन्सेईंनी एक उचलून दाराशी, उजेडात धरला. “म्होरक्या वेगळा दिसला तर चालतं,” ते म्हणाले. मग ओनोदेरा-सानना हाक मारून त्यांनी तो त्यांच्या कमरेला स्वतः बांधून दिला. ओनोदेरा-साननी ढोल उचलून खोलीला दोन चकरा मारल्या आणि तिसरीला निघाले, तेव्हा सगळे हसायला लागले.

मासळीबाजार उघडला त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं आणि समुद्रावरून गार वारा येत होता. सुप्रभा आणि प्रसन्न गर्दीत उभे होते. बँड नव्या सिमेंटच्या धक्क्यावर रांगेत उभा राहिला. पहिला सूर फाटला. एका बाईच्या पाइपची पिशवी उशिरा भरली, दुसरीचा पाइप आधीच वाजायला लागला. सेन्सेईंनी हात वर केला, सगळ्यांना थांबवलं, आणि कुठलीही घाई न करता पुन्हा खूण केली. या वेळी सगळे एकदम वाजले. कुणीतरी कोळी बोटीवरून टोपी हलवत होता. पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायका टाळ्या वाजवायच्या सोडून नुसत्या ऐकत होत्या. हिरानो-सान वाजवता वाजवता रडत होती, पण तिचा सूर कुठे हलला नाही.

कार्यक्रम संपल्यावर मोठ्या पातेल्यांतून सगळ्यांना माशांचं मिसो सूप वाढलं जाऊ लागलं. सेन्सेई घामाने निथळत होते. त्या जड लोकरीत ते बसायलाही तयार नव्हते, चुण्या मोडतील म्हणून. एक म्हातारी वाटी घेऊन त्यांच्या मागे गेली आणि निरखून बघू लागली.

“कुदो-सान, या चुण्या कुणी घातल्या?”

“मी.”

“एक वाकडी आहे.”

“दोन आहेत,” सेन्सेई म्हणाले. “दुसरी तुम्हाला सापडली नाही.”

म्हातारी हसली आणि दुसरी शोधायला लागली. सुप्रभाने दोन वाट्या सूप घेतलं, एक सेन्सेईंच्या हातात दिली, आणि ती दोघं उभ्या उभ्याच प्यायली.