वज्रगुरूंच्या झब्ब्यावरच्या अकरा रेघा

रोह्याच्या मंगल कार्यालयात साठ पोलीस डोळे फाडून बघत होते. स्टेजवर पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात वज्रगुरू. हातातल्या सुऱ्यानं त्यांनी काकडीची पातळ चकती काढली. मग तोच सुरा चेल्याच्या उघड्या पोटावर दाबला, तोंडानं 'हुं' केलं, आणि पोटावर ओरखडासुद्धा नाही. दुसरा चेला सुरा परजत धावून आला. गुरूंनी नुसता तळवा दाखवला, तर तो गडी चार पावलं मागे जाऊन आपटला. टाळ्या थांबेनात.

"याला म्हणतात प्राणकवच," गुरू म्हणाले. "एकवीस दिवस साधना करा. लाठी नको, ढाल नको. पोलाद तुम्हाला ओळखेल आणि मागे वळेल."

ओळखेल म्हणे. पोलाद काय ह्याच्या मामाचं पोर होतं? तिसऱ्या रांगेत बसलेल्या करिश्माचं डोकं सणकलं. ती पेणची पोलीस शिपाई. शेजारी तिचे हवालदार भरतदादा, उजवा हात मांडीवर ठेवून. त्या हाताची तीन बोटं आता मिटत नव्हती. पेणच्या शिबिरात त्यांनी हीच साधना केली होती. शिमग्यात वडखळच्या नाक्यावर एक दारुडा सुरी घेऊन आला, तेव्हा दादांनी लाठी जीपमध्येच ठेवली आणि तळवा पुढे केला. सुरीनं तळव्याच्या शिरा कापल्या. गुरूंना कळवलं तर उत्तर आलं, 'श्रद्धा अर्धी पडली.' आज तोच माणूस साठ जणांना तेच शिकवत होता.

"कुणाला शंका?" गुरूंनी विचारलं.

करिश्मा उठली ती थेट स्टेजवर. तिची आई गोदूबाई नाक्यावर मासळी विकते; सुरी कशी कापते हे लेकीला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. तिनं गुरूंचा सुरा उचलून धारेवर अलगद अंगठा फिरवला. टोकाकडं धार होती. मुठीकडचा भाग कानशीनं घासून बोथट केलेला. तिनं त्या भागानं काकडी कापायला घेतली. नुसती चेचली.

"काकडी टोकानं, पोट मुठीकडून," ती म्हणाली. "आणि धार असती तरी ह्यांनी सुरी दाबली, ओढली नाय. सुरी ओढली की कापते. माझ्या आईला विचारा."

"ताई, तुमच्या मनात विकार आहे," गुरू म्हणाले.

"असंल. आता कवच दाखवा."

तिनं पिशवीतून लाकडी सुरी आणि पेणच्या गणपती कारखान्यातून आणलेली लाल रंगाची डबी काढली, सुरी रंगात बुडवली. गुरूंनी तळवा दाखवला. करिश्मा चेल्यासारखी लांबून धावत गेली नाही. तिनं डाव्या हातानं झब्बा धरला आणि उजव्यानं लागोपाठ वार केले. पाच सेकंद. मग पहिल्या रांगेत बसलेले मोठे साहेब स्वतः स्टेजवर आले आणि झब्ब्यावरच्या लाल रेघा मोजू लागले. पोटावर सहा, बाह्यांवर चार, मानेजवळ कॉलरवर एक.

"लाकडापुढं कवच चालत नाही," गुरू पुटपुटले.

भरतदादा उभे राहिले. "माझी श्रद्धा अर्धी नव्हती, महाराज. पुरी व्हती. म्हणून तर लाठी जीपमध्ये ठेवली." त्यांनी हात वर केला. बोटं तशीच ताठ. "बघा सगल्यांनी. हा हात पोरीच्या वेणीला रबर लावत व्हता."

साहेबांनी माइक करिश्माच्या हातात दिला. तिला काही भाषण येत नव्हतं.

"सुरी दिसली की मागं व्हा. लाठी काढा, खुर्ची धरा, साथीदाराला हाक मारा. काहीच नसलं तर त्याचा सुरीवाला हात दोन्ही हातांनी धरा आणि सोडू नका. तरी लागंल, हे धरून चाला. कोणी सांगितलं लागणार नाय, तर त्याला आधी सुरीसमोर उभा करा. आणि हे विचारायला लाजू नका. आम्ही लाजलो व्हतो."

गुरू मागच्या दाराकडं सरकले होते. साहेबांनी ते दार लावून घ्यायला सांगितलं.