सातवर प्रिंटर असतो

“अगं, टॉर्च पेटीत मार. माझ्या नाकात काय शोधतेस?” काका म्हणाले.

काकूंनी हसून उजेड उघड्या कॉम्प्युटरच्या पोटात पाडला. हसू मात्र वरवरचं होतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून काकांचं हे पहिलंच काम. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात काकांची हयात गेली, आणि शेजारी बसून बघण्यात काकूंची. आज घरातून निघताना काका दारातच म्हणाले होते, “हे जमलं तर दुकान पुन्हा उघडायचं. नाही जमलं तर विकून मोकळं होऊ. बुजगावणं होऊन मी बसणार नाही.”

कानाच्या दवाखान्यातलं हे मशीन. पेशंट काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसतो, नर्स बाहेरून बारीक शिट्ट्या वाजवते, ऐकू आली की पेशंट बटण दाबतो. पण हल्ली शिट्टी मध्येच तुटत होती.

“परवा एका चांगलं ऐकू येणाऱ्या मुलीला आम्ही बहिरी ठरवलं असतं,” नर्स म्हणाली. “आईच्या तोंडचं पाणी पळालं. नवीन मशीन घ्या म्हटलं, तर डॉक्टर म्हणतात, हे माझ्यापेक्षा धडधाकट आहे.”

“मध्ये कोणी नवं कार्ड बसवलं का?”

“हो, नेटवर्कचं.”

“तेच!” काकांचे डोळे चमकले. “पोरी, मुख्य चिपला हाक मारायला प्रत्येक कार्डाला एक नंबर असतो. शिट्टीचं कार्ड पाचवर. आणि हे बघ, ह्या नव्या पाहुण्यालाही पाचवरच बसवलंय. दोघं एकाच नंबरावरून ओरडतात, मग कोणाचंच धड ऐकलं जात नाही. आमच्या घरातल्यासारखं.”

“आपल्या घरात एकच माणूस ओरडतो,” काकू म्हणाल्या.

नर्स खळखळून हसली. काकूंचा जीव जरा भांड्यात पडला. हे पूर्वीचे काका होते.

काकूंनी नेटवर्कचं कार्ड उपसून हातात घेतलं. त्यावर पिनांच्या जोड्यांची रांग होती आणि एका जोडीवर गव्हाच्या दाण्याएवढी काळी टोपी. ती टोपी जिथे घालाल, तो त्या कार्डाचा नंबर.

“सातवर घाल,” काका ठामपणे म्हणाले.

काकूंनी चमकून वर बघितलं. सात प्रिंटरचा. कामावर येणाऱ्या प्रत्येकाला काकांनी पहिल्या दिवशी हेच घोकायला लावलेलं. शिट्टी नीट वाजली असती, पण रिपोर्ट छापायला घेतला की मशीन तिथेच अडकलं असतं.

“सातच ना?”

“किती वेळा सांगू? सात!”

काकूंनी पाठ फिरवली आणि टोपी दहावर घातली. दहा मोकळा होता.

कार्ड परत बसवलं आणि मशीन सुरू झालं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी चढू लागल्या. सुरू होताना कार्ड आपला नंबर पडद्यावर दाखवतं, हे घाईत काकूंच्या लक्षातच राहिलं नव्हतं. नेटवर्कच्या कार्डाची ओळ आली. पुढे आकडा, दहा.

काका त्या आकड्याकडे बघत राहिले.

“झालं वाटतं!” नर्स म्हणाली. “काका, तुमचा हात लागला की...”

“माझा नाही.” काकांचा आवाज खाली गेला. “मी सात म्हणालो. सातवर प्रिंटर असतो. मीच तर सगळ्यांना...”

“अहो, उजेड कमी होता, माझ्याकडूनच चुकून...”

“गप गं,” ते म्हणाले. रागाने नाही. “चुकून दहा होत नाही.”

नर्स उगाचच वायरी सरळ करू लागली.

“पोरी, यापुढे काही झालं तर फोन हिला कर.”

“आणि दुकान?” काकूंनी हळूच विचारलं.

“उघड की. तू बस.”

“तुम्ही?”

काकांनी भिंतीला धरून स्वतःला उभं केलं. “कोणीतरी आत जाऊन ऐकायला हवं ना? मी बसतो.”

काचेच्या खोलीचं जाड दार बंद झालं. नर्सने शिट्ट्या वाजवायला सुरुवात केली. काकांचा डावा अंगठा बटणावर होता. दर शिट्टीला ते बटण दाबत होते आणि बाहेर नर्सपुढचा दिवा लागत होता. एकही शिट्टी तुटली नाही. मग प्रिंटर कुरकुरला आणि न अडखळता रिपोर्ट छापून मोकळा झाला.

“काकांचे कान विशीतल्या माणसाचे आहेत हो,” नर्स म्हणाली. “संपलं म्हणून सांगू त्यांना?”

काचेपलीकडे काका मान खाली घालून बसले होते. हेडफोन कानावर, अंगठा बटणावर तसाच.

“नको,” काकू म्हणाल्या. “बसू देत थोडं.”

आणि त्यांनी पेटीचं झाकण लावायला घेतलं.